वाघिणीतले प्रवासी : अमेरिकेतील ‘होबो’ जीवनाचा परिचय

(द्वितीय वर्ष, कला)

आगगाडीचे आकर्षण वाटत नाही असा माणूस विरळाच. लहानपणी आईबरोबर शेतात गेले की बांधावर उभी राहून मी मालगाडीचे डबे मोजत असे. या डब्याला ‘वाघीण’ म्हणतात हे कळले तेव्हा तर फारच गंमत वाटली होती. आज मी रोज पॅसेंजरने महाविद्यालयात येते. पिशवीत वह्या, मासिक पास आणि खिडकीजवळची जागा मिळाली तर स्वर्गच! घरी स्वयंपाक, धुणीभांडी, धाकटी भावंडे. महाविद्यालयात तास आणि चाचण्या. या दोहोंच्या मधला पाऊण तास तेवढा माझा एकटीचा असतो.

म्हणूनच समाजशास्त्राच्या तासाला सरांनी अमेरिकेतील ‘होबो’ लोकांचा विषय काढला, तेव्हा मी कान टवकारले. घर नाही, दार नाही, कोणाचा हुकूम नाही. पाठीला वळकटी बांधायची, चालत्या मालगाडीच्या वाघिणीत उडी मारायची आणि गाडी नेईल तिकडे जायचे! मनात आले, जगावे तर असे.

त्या संध्याकाळी मोठ्या उत्साहाने मी हे सारे आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, सांगितले. १९७२ च्या दुष्काळात आबा बरोबर माझ्याच वयाचे, एकोणीस वर्षांचे होते. लातूरहून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी आणि तेथून मेलने मुंबई, असे ते विनातिकीट गेले होते, एवढेच घरात सर्वांना ठाऊक होते. मी म्हटले, “आबा, तुम्ही पण होबोच की! मजा आली असेल ना?” आबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “मज्जा कसली गं. मेलच्या संडासात कडी लावून रातभर उभा व्हतो. पोटानं नेलं, म्हून गेलो.” आणि उठून बाहेर गेले.

त्यांच्या त्या उत्तराने मी वरमले. आपण ज्याला मौज म्हणतो ते खरोखर काय होते, हे समजून घ्यावे असे वाटू लागले. ग्रंथालयात मिळाले ते वाचले, सरांना विचारले. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

होबो म्हणजे कोण?

सर्वसाधारण समज असा की होबो म्हणजे भिकारी किंवा उडाणटप्पू. वास्तविक पाहता हा समज चुकीचा आहे. रुळांवरच्या या माणसांनी स्वतःच एक वर्गवारी केली होती. जो कामाच्या शोधात फिरतो तो ‘होबो’; जो फिरतो पण शक्यतो काम टाळतो तो ‘ट्रॅम्प’; आणि जो ना फिरतो ना काम करतो तो ‘बम’. होबोला ट्रॅम्प म्हटलेले खपत नसे. तो स्वतःला कामगार समजे आणि तो कामगारच होता.

हा कामगार निर्माण कसा झाला, हे पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि हजारो सैनिक रिकामे झाले. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमन्टरी समिट येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले व रेल्वेने सारा देश ओलांडला. पाठोपाठ १८७३ साली मोठी आर्थिक मंदी आली, कारखाने बंद पडले. एका बाजूला बेकार माणसे, दुसऱ्या बाजूला देशभर पसरत चाललेले रूळ. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि होबो जन्माला आला.

त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम भागात कामे पुष्कळ होती, पण ती हंगामी होती. गव्हाची कापणी दक्षिणेत उन्हाळ्याच्या सुरुवातीला निघे आणि पीक पिकत जाई तशी कॅन्सस, नेब्रास्का, डकोटा अशी उत्तरेकडे सरकत थेट कॅनडापर्यंत पोहोचे. कापणारी माणसेही पिकामागोमाग सरकत. कुठे सफरचंदे तोडायची, कुठे जंगलात लाकूड पाडायचे, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापायचा. रेल्वेचे रूळ टाकणे आणि ते दुरुस्त करणे हेही त्यांचेच काम. ज्या रुळांवरून ते चोरून प्रवास करीत, ते रूळ पुष्कळदा त्यांच्याच हातांनी टाकलेले असत! शेतमालकाला चार आठवडे हजारो हात हवे असत; पाचव्या आठवड्यात तीच माणसे गावात नकोशी होत.

गाडी पकडणे

होबोच्या प्रवासाची वर्णने वाचताना अंगावर काटा येतो. गाडी यार्डातून निघून वेग घेण्याआधी तिच्याबरोबर धावायचे, दांडी पकडायची आणि अंग आत झोकून द्यायचे. रिकामी, बंद वाघीण मिळाली तर भाग्य. नाहीतर टपावर पडून राहायचे, इंजिनामागच्या पहिल्या डब्याच्या तोंडाशी उभे राहायचे, किंवा डब्याच्या खाली चाकांमध्ये असलेल्या लोखंडी सळ्यांवर आडवे व्हायचे. खाली खडी उडते आहे, चाके कानाशी घरघरताहेत आणि हात सुटला की सारे संपले. त्यातून ब्रेकमनने पाहिले तर तो पैसे मागे किंवा ढकलून देई. यार्डात रेल्वेचे खासगी पोलीस लाठ्या घेऊन असत. होबो त्यांना ‘बुल’ म्हणजे वळू म्हणत.

१९०१ ते १९०५ या पाच वर्षांत अमेरिकेच्या रेल्वेमार्गांवर विनापरवाना आलेली सुमारे २४,००० माणसे मृत्युमुखी पडली आणि जवळजवळ तितकीच जखमी झाली. ही सारीच माणसे होबो नव्हती, पण त्यांत होबोंचा भरणा मोठा होता. वेल्श कवी डब्ल्यू. एच. डेव्हिस याचेच उदाहरण पाहा. तो अमेरिकेत कित्येक वर्षे असा भटकला. १८९९ साली सोन्याच्या शोधात निघाला असताना कॅनडातील रेनफ्रू येथे गाडी पकडताना त्याचा पाय चाकाखाली गेला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. पुढे १९०८ साली त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याला प्रस्तावना बर्नार्ड शॉ यांची होती. पुस्तक गाजले. पाय मात्र गेला तो गेलाच.

गाडी नसेल तेव्हा होबो मुक्कामाला असत ते जंक्शनच्या जवळ, पाण्याच्या कडेला, झाडांच्या आडोशाला. या मुक्कामाला ते ‘जंगल’ म्हणत. आपल्याकडून इंग्रजीत गेलेला हा शब्द अमेरिकेतल्या रुळांकडेला असा भेटावा याचे मला नवल वाटले. जंगलात एक मोठे भांडे चुलीवर असे. कोणी दोन बटाटे आणी, कोणी कांदा, कोणी खाटकाकडून मागून आणलेला मांसाचा तुकडा. सर्व एकत्र शिजवून सर्वांनी खायचे. भांडी धुऊन पुढच्यासाठी ठेवायची, सरपण गोळा करून ठेवायचे, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, असे तेथील अलिखित नियम होते. ज्यांना समाज नियम न पाळणारे म्हणत होता, त्यांनी आपला समाज असा नियमांवर उभा केला होता.

कायदा, रंग आणि स्त्री

भटकणे हा गुन्हा ठरवण्याचे काम कायद्याने लवकरच सुरू केले. १८७६ साली न्यू जर्सी राज्याने ट्रॅम्प लोकांविरुद्ध कायदा केला आणि इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. खिशात पैसे नाहीत आणि राहण्याचे ठिकाण सांगता येत नाही, एवढ्यावर माणूस तुरुंगात जाई. प्रसिद्ध लेखक जॅक लंडन १८९४ साली, अठराव्या वर्षी, नायगारा धबधबा पाहायला गेला आणि पकडला गेला. आपले म्हणणे मांडण्याची संधीही न मिळता त्याला तीस दिवसांची शिक्षा झाली, असे त्याने आपल्या ‘द रोड’ (१९०७) या पुस्तकात लिहिले आहे. अशा संदिग्ध कायद्यांना मोठा धक्का बसायला १९७२ साल उजाडावे लागले. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल शहराचा असा कायदा त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. आबा मुंबईला गेले तेच हे वर्ष.

१९२९ च्या महामंदीनंतर तर मालगाड्या माणसांनी भरून वाहू लागल्या. एकट्या सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने १९३२ साली ६,८३,००० हून अधिक वेळा लोकांना गाड्यांवरून खाली उतरवल्याची नोंद आहे. यात एकच माणूस अनेकदा मोजला गेला असणार. तरीही आकडा बोलका आहे. त्या काळी रुळांवर असलेल्या किशोरवयीन मुलामुलींचा अंदाज अडीच लाखांचा सांगितला जातो. घरात खाणारी तोंडे कमी व्हावीत म्हणून घर सोडलेली मुले त्यांत पुष्कळ होती.

रुळांवर सगळे सारखेच, असे होबोंबद्दल कौतुकाने म्हटले जाते. तथापि हे अर्धसत्य आहे. २५ मार्च १९३१ रोजी चॅटानूगाहून मेम्फिसला जाणाऱ्या मालगाडीत गोऱ्या आणि काळ्या तरुणांची मारामारी झाली. अलाबामातील पेंट रॉक येथे गाडी अडवण्यात आली आणि नऊ काळ्या मुलांना खाली उतरवण्यात आले. सर्वांत लहान तेरा वर्षांचा होता. त्याच गाडीत असलेल्या दोन गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप त्यांच्यावर आला. हेच इतिहासातले ‘स्कॉट्सबरो’ प्रकरण. सुमारे दोन आठवड्यांत आठ जणांना देहान्ताची शिक्षा झालीसुद्धा! १९३२ साली सर्वोच्च न्यायालयाने, या मुलांना धड वकीलही मिळाला नव्हता म्हणून, त्या शिक्षा रद्द केल्या. १९३३ साली दोघींपैकी एकीने न्यायालयात आपली साक्ष फिरवून आरोप खोटा असल्याचे सांगितले. तरीही खटले पुन्हा चालले आणि त्यांतल्या कित्येकांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. शेवटच्या तिघांना अलाबामा राज्याने माफी दिली ती २०१३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. गोरा मुलगा विनातिकीट चढला तर त्याला फार तर चोप मिळे. काळ्या मुलाच्या जिवावर बेते.

आणि मुली? हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून सतावत होता, कारण खिडकीशी बसून मी स्वतःलाच त्या वाघिणीत पाहिले होते. मुली होत्या. संख्येने कमी, बहुतेक मुलांचे कपडे घालून, केस टोपीखाली दडवून, आणि शक्यतो दोघी-तिघी मिळून. थॉमस मिनेहन या समाजशास्त्राच्या अभ्यासकाने जुने कपडे घालून या मुलांमध्ये मिसळून माहिती गोळा केली आणि १९३४ साली पुस्तक लिहिले, त्यात त्या मुली भेटतात. याउलट ‘बॉक्सकार बर्था’ या नावाने गाजलेले स्त्री-होबोचे आत्मचरित्र (१९३७) प्रत्यक्षात बेन राइटमन या पुरुषाने लिहिले होते! बर्था ही त्याने निर्माण केलेली व्यक्ती होती. रुळांवरच्या स्त्रीची सर्वांत प्रसिद्ध कहाणी तिने सांगितलेलीच नाही, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले.

रम्यता कोणाची?

मग होबो जीवनाची ही रम्य प्रतिमा आली कोठून? पुस्तकांतून, गाण्यांतून आणि विशेषतः चित्रपटांतून. चार्ली चॅप्लिनचा ट्रॅम्प १९१४ साली पडद्यावर आला आणि जगाचा लाडका झाला. आपल्याकडे राज कपूरने ‘आवारा’ (१९५१) आणि ‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये त्याचाच अवतार उभा केला. आखूड विजार, फाटका बूट आणि ओठांवर हसू. ते हसू खोटे नव्हे, पण ते पाहताना आपल्याला पायातला गारठा जाणवत नाही.

१९८० साली टेड कॉनोव्हर हा मानववंशशास्त्राचा विद्यार्थी काही महिने होबोंबरोबर मालगाड्यांतून हिंडला आणि १९८४ साली त्याने त्यावर उत्तम पुस्तक लिहिले. पण तो विद्यार्थी होता. परतायला त्याच्यापाशी घर आणि महाविद्यालय होते. मला वाटते, येथेच या प्रश्नाची किल्ली आहे. परत जाता येते त्याला भटकणे म्हणजे स्वातंत्र्य वाटते. परत जायला काही उरलेलेच नाही त्याला ती केवळ वाट असते. गेल्या काही दशकांत मध्य अमेरिकेतील गरीब माणसे मेक्सिकोतल्या मालगाड्यांच्या टपावर बसून उत्तरेकडे गेली आहेत. त्या गाडीला त्यांनी नाव दिले ‘ला बेस्तिया’, म्हणजे हिंस्र पशू. टपावर बसणाऱ्यांना गाडी कशी दिसते, हे त्या एका नावावरून कळते.

अर्थात सारी रम्यता खोटी आहे असे मी म्हणणार नाही. होबोंमध्ये एक भूक होती, ती केवळ पोटाची नव्हती. सेंट लुईसच्या श्रीमंत घराण्यातील जेम्स ईड्स हाऊ यांनी आपल्या वारशाचा पैसा खर्चून निरनिराळ्या शहरांत ‘होबो कॉलेजे’ चालवली. हिवाळ्यात कामे नसत, तेव्हा हे लोक तेथे येऊन कायदा, अर्थशास्त्र, आरोग्य यांवरील व्याख्याने ऐकत आणि वादविवाद करीत. फाटक्या कोटातली ती माणसे बाकावर बसून टिपणे घेत असतील, हे चित्र मला चॅप्लिनपेक्षाही जवळचे वाटते. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच आहे, म्हणून असेल.

जॅक लंडन रस्त्यावरून परतला तो एक निश्चय करून, की केवळ अंगमेहनत विकून जगणे पुरे झाले, आता शिकायचे. एकोणिसाव्या वर्षी तो पुन्हा शाळेत जाऊन बसला. आणि या विषयावरचा आद्य ग्रंथ ज्यांनी लिहिला ते नेल्स अँडरसन तर स्वतःच होबो होते. स्वीडनहून आलेल्या स्थलांतरित कामगाराचा हा मुलगा. लहानपणी शिकागोत वर्तमानपत्रे विकली, पुढे शाळा सोडून रेल्वेच्या बांधकामावर खेचरे हाकली, मालगाड्यांतून फिरले. पश्चिमेकडच्या एका मॉर्मन शेतकरी कुटुंबाने त्यांना आसरा दिला आणि शिक्षणाकडे वळवले. पदवी घेऊन ते शिकागो विद्यापीठात आले आणि जी माणसे त्यांना ठाऊक होती त्यांचाच अभ्यास केला. वेस्ट मॅडिसन स्ट्रीटच्या आसपासच्या स्वस्त खोल्या, खानावळी, रोजगाराची दुकाने त्यांनी पालथी घातली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे शिकागोत बरे दिवस असताना ३०,००० आणि वाईट दिवसांत ७५,००० बेघर माणसे असत. ‘द होबो’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ना कीव आहे, ना कौतुकाचा पूर. ही माणसे कमावतात किती, खातात काय, आजारी पडली तर जातात कोठे, असे साधे प्रश्न आहेत.

होबोंचा काळ पुढे ओसरला. कापणीची यंत्रे आली, मजुरांकडे जुन्या मोटारी आल्या, दुसऱ्या महायुद्धाने कामे दिली. वाफेची इंजिने पाण्यासाठी वरचेवर थांबत. डिझेलची इंजिने आली आणि ते थांबे संपले. आयोवा राज्यातील ब्रिट या लहानशा गावात मात्र १९०० साली पहिले होबो संमेलन भरले होते, आणि पुढे ती तेथली वार्षिक प्रथाच झाली. होबोंचा राजा आणि राणी निवडतात, मोठ्या भांड्यात कालवण शिजते.

असो. अँडरसन यांचा ग्रंथ वाचल्यावर मला माझी चूक उमगली. आबांना मी “मजा आली का” असे विचारले होते. एका रात्री जेवणानंतर मी पुन्हा त्यांच्याजवळ बसले आणि विचारले, “आबा, कुर्डुवाडीला उतरल्यावर तुम्ही खाल्लं काय?”

आबांनी माझ्याकडे पाहिले. मग हळूहळू बोलू लागले. स्टेशनावर एका हमालाने आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला होता. मेल कोठे उभी राहते, कोणत्या डब्यात चढावे, तेही त्यानेच सांगितले. त्याचे नाव विचारायचे राहून गेले. मुंबईत पहिले पंधरा दिवस आबा गोदीजवळ फुटपाथवर झोपले. गावाकडचे चार जण मिळून एका डब्यात भात शिजवीत. बोलता बोलता रात्रीचे साडेअकरा वाजले. पन्नासहून अधिक वर्षांत हे त्यांना घरातल्या कोणीच विचारले नव्हते.

समाजशास्त्राचा अभ्यास म्हणजे आणखी काय, असे मला नम्रपणे वाटते. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पॅसेंजरमध्ये मी बसले. वाटेत मालगाडीला पुढे सोडण्यासाठी आमची गाडी थांबवली होती. सवयीने मी वाघिणी मोजल्या. अठ्ठावन्न होत्या, आणि सगळ्यांची दारे बंद होती.